५ एचपीची मोटर वीज पूर्ण घेते, पाणी मात्र कमी देते: मधली ऊर्जा जाते कुठे?

प्रश्न: माळरान_बागायत

नमस्कार मंडळी. विहिरीवर तीन फेजचा ५ एचपी मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर) पंप आहे. सगळी मापे घेऊन खाली देतो आहे, म्हणजे अंदाजाने बोलायची वेळ येणार नाही.

पाण्याची पातळी पंपाच्या ५ मी खाली. डिलिव्हरीला (पाणी बाहेर नेणाऱ्या बाजूला) ७५ मिमीची, म्हणजे अडीच इंची पीव्हीसी लाइन, लांबी ५०० मी. लाइनचे तोंड पंपापेक्षा १५ मी उंचावर. म्हणजे एकूण चढ २० मी.

नेमप्लेटवर ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ७.८ अँपिअर, २८८० आरपीएम, हेड (पंप पाणी जितके उंच ढकलतो ती उंची) २८ मी आणि डिस्चार्ज (बाहेर पडणारे पाणी) ७.५ लिटर प्रति सेकंद.

लाइनच्या तोंडाशी २०० लिटरचा बॅरल भरायला ५० सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ४ लिटर. मोटर चालू असताना विहिरीवरच्या स्टार्टरला ३६० व्होल्ट, तर खांबाजवळच्या मीटरपेटीत ३७८ व्होल्ट मिळतात. तीन फेजचा करंट ८.९, ८.४ आणि ८.२ अँपिअर. मीटरपेटीपासून विहिरीपर्यंत २०० मी तांब्याची २.५ चौरस मिमीची केबल आहे. मीटर एका तासात ४.६ युनिट पुढे जातो.

दोन गोष्टी कळत नाहीत. ३.७ किलोवॅटची मोटर तासाला ४.६ युनिट का घेते? आणि वर चढलेल्या पाण्याचा हिशोब केला तर ०.८ किलोवॅटसुद्धा भरत नाही, मग बाकीची ऊर्जा गेली कुठे? वायरमन म्हणतो कॅपॅसिटर लावा, दुकानदार म्हणतो साडेसात एचपी घ्या, शेजारचे म्हणतात पाइप बदला. आधी पैसे कुठे घालावेत?

उत्तर: टंगटेस्टर

मापे छान घेतली आहेत दादा, त्यामुळे हिशोब मांडता येतो.

आधी ३.७ किलोवॅटचे. नेमप्लेटवरचा आकडा मोटर शाफ्टवर किती यांत्रिक शक्ती देते ते सांगतो, विजेकडून किती घेते ते सांगत नाही. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता ८४ टक्के धरली तर पूर्ण भारावर ती सुमारे ४.४ किलोवॅट घेणारच.

तुमच्या स्टार्टरवर: १.७३२ × ३६० × ८.५ × ०.८ (पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमधला खरे काम करणारा हिस्सा) = साधारण ४,२४० वॅट. केबलचा एका तारेचा रोध सुमारे १.४८ ओहम येतो. करंटचा वर्ग गुणिले रोध, असे तिन्ही तारांचे मिळून ३२० वॅट केबल तापवण्यात जातात. बेरीज ४,५६० वॅट. तुमचा मीटर ४.६ युनिट दाखवतो, म्हणजे मीटर बरोबर आहे आणि पॉवर फॅक्टरचा अंदाजही जुळला.

आता पाण्याकडून. पाण्याला मिळालेली शक्ती वॅटमध्ये = ९.८१ × लिटर प्रति सेकंद × मीटर. नुसता चढ धरला तर ९.८१ × ४ × २० = ७८५ वॅट. पण पंपाला चढाशिवाय पाइपातले घर्षणही ओलांडावे लागते. ७५ मिमी पाइपाचा आतला व्यास साधारण ७० मिमी. त्यातून ४ लि/से वाहताना ५०० मीटरमध्ये सुमारे ८.६ मी हेड खर्च होते. फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाचा एकमार्गी व्हॉल्व्ह), बेंड, व्हॉल्व्ह यांचे आणखी २.४ मी धरू. एकूण हेड ३१ मी, आणि पंपातून बाहेर पडताना पाण्यात १,२१६ वॅट.

मीटरमधून गेलेल्या १०० भागांची वाटणी अशी होते:

केबल: ७
मोटर (वायंडिंग, स्टँपिंग म्हणजे लोखंडी गाभा, रोटर, पंखा): १५
पंप: ५१
लाइन आणि फिटिंग: साडेनऊ
पाण्याच्या चढात उरले: १७

लाइनमधल्या घर्षणाकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण इथे निम्म्याहून जास्त ऊर्जा पंपाच्या पोटात संपते आहे. मोटरने शाफ्टवर ३,५६० वॅट दिले आणि पंपाने त्यातले १,२१६ पाण्यात घातले, म्हणजे पंपाची कार्यक्षमता ३४ टक्के. याच पंपाने नेमप्लेटच्या बिंदूवर ९.८१ × ७.५ × २८ = २,०६० वॅट द्यायला हवेत, म्हणजे जवळपास ५८ टक्के.

उत्तर: गावठाण_पंपवाला

वरच्या हिशोबात एक मोठी खूण आहे, ती नीट बघा. सेंट्रिफ्युगल पंपातून पाणी कमी गेले की त्याचा करंटही उतरतो. जाळी तुंबली, पातळी खाली गेली, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिला, तर पाणी आणि करंट दोन्ही घटतात. तुमच्याकडे पाणी निम्मे आणि करंट पूर्ण. अशा वेळी कारणे मोजकीच असतात:

१. पंपाच्या आत पाणी फिरून परत सक्शनला (पाणी ओढणाऱ्या बाजूला) येते आहे. इंपेलरचे (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाचे) तोंड आणि केसिंग (पंपाचे कवच) यांच्यातली फट वाढली की हे होते. मोटर ६ लिटर ढकलते, बाहेर ४ पडतात.

२. लाइन जमिनीखाली कुठेतरी फुटली आहे आणि पाणी वाटेतच मुरते.

३. मोटर उलटी फिरते. इंपेलर उलटा फिरला तरी पाणी येत राहते, म्हणून हे लक्षात येत नाही. मोटर भरून आणली, ट्रान्सफॉर्मरवर काम झाले, केबल बदलली, की दिशेचा बाण आधी बघा. उलटी असेल तर कुठल्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल करा, संपले.

४. ग्लँडची (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या पॅकिंगची) दोरी खूप आवळली आहे किंवा बेअरिंग धरले आहे. ग्लँडमधून सेकंदाला एखादा थेंब पडलाच पाहिजे. कोरडा ग्लँड शाफ्ट खातो.

हे वेगळे करायला एक प्रेशर गेज पुरतो, ० ते ७ किलोचा (किलो प्रति चौरस सेंमी; १ किलो म्हणजे साधारण १० मी पाणी). पंपाच्या डिलिव्हरीला, व्हॉल्व्हच्या आधी, बसवा. दोन वाचने घ्या: एक चालू लाइनवर, दुसरे व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून.

बंद व्हॉल्व्हवर अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका. तेव्हा पाणी कुठेच जात नाही, पण मोटर तरीही शाफ्टवर सुमारे २ किलोवॅट देत असते, आणि ते सगळे केसिंगमधल्या पाच-एक लिटर पाण्यात उष्णता बनून उतरतात. मिनिटाला साडेपाच-सहा अंशांनी पाणी तापते. दहा मिनिटे विसरलात तर ग्लँडची दोरी, सील आणि जवळचा पीव्हीसी पाइप गेलाच.

प्रश्नकर्ता: माळरान_बागायत

गेज बसवला. चालू लाइनवर २.५ किलो. व्हॉल्व्ह बंद करून २.९ किलो. फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे. ग्लँड ठिबकतो, बेअरिंगला आवाज नाही, हाताने शाफ्ट मोकळा फिरतो. कंपनीच्या तक्त्यात या मॉडेलचे बंद व्हॉल्व्हवरचे हेड ३६ मी दिले आहे.

उत्तर: गावठाण_पंपवाला

मग चित्र स्पष्ट झाले.

२.५ किलो म्हणजे २५ मी. लाइनचा चढ १५, घर्षण ८.६, फिटिंगचे दीड मी. बेरीज २५ येते. लाइन मध्ये मोठी फुटली असती तर सुरुवातीच्या भागातून ४ लिटरपेक्षा जास्त पाणी गेले असते आणि गेजचा मेळ तोंडाशी मोजलेल्या पाण्याशी बसला नसता. म्हणजे लाइन शाबूत आहे.

बंद व्हॉल्व्हवर २९ मी अधिक सक्शनचे ५ मी, म्हणजे ३४. नव्याला ३६. उलट्या फिरणाऱ्या किंवा पाती झिजलेल्या इंपेलरला इतके हेड येत नाही. तेव्हा इंपेलरची पाती ठीक, दिशा ठीक. राहिली ती तोंडाची फट. या पंपाला ३१ मी हेडवर जवळजवळ ६ लि/से द्यायला हवे. तुम्हाला ४ मिळतात. उरलेले सुमारे दोन लिटर दर सेकंदाला आतल्या आत फिरतात आणि त्यांच्यासाठी पूर्ण वीज जाते.

पंप खोलून व्हर्नियरने दोन मापे घ्या: इंपेलरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास आणि केसिंगमधल्या ज्या गाळ्यात ते फिरते त्याचा आतला व्यास. दोन्हींचा फरक नव्या पंपात ०.३ ते ०.४ मिमी असतो. ०.८ च्या वर गेला असेल तर दुरुस्ती हवीच. वाळू येणाऱ्या विहिरीत हा फरक दीड-दोन मिमीपर्यंत जातो.

दुरुस्ती लेथवाल्याकडे होते. केसिंगचा गाळा थोडा मोठा करून त्यात गनमेटलची रिंग ठोकून बसवायची, मग इंपेलरचे तोंड एकसारखे करून त्याला ०.३५ मिमी फट ठेवून रिंग आतून घ्यायची. इंपेलरचे तोंड लंबवर्तुळाकार झिजले असेल तर इंपेलर नवीन घ्या, घासून गोल करत बसू नका. बसवताना शाफ्ट डोलत नाही ना हे बघा. बेअरिंग ढिले असेल तर नवीन रिंग पहिल्याच हंगामात खाल्ली जाते.

उत्तर: हेड_आणि_लाइन

पंपवाल्या भाऊंचे निदान पटते, पण रिंग बसवल्यावर पाणी किती वाढेल याची खोटी आशा नको. पंप आणि लाइन मिळून एकच बिंदू ठरवतात. पंप जितके हेड देऊ शकतो आणि लाइन जितके मागते, ते दोन्ही जिथे जुळतात तिथेच पाणी स्थिर होते.

तक्त्यातले दोन बिंदू (० लिटरला ३६ मी, ७.५ लिटरला २८ मी) घेऊन पंपाचा वक्र मांडला आणि तुमच्या लाइनचा वक्र त्यावर टाकला, तर अगदी नवा पंप लावला तरी या लाइनवर सुमारे ४.४ लि/से मिळतात. ४ चे ४.४, बस. फरक पडेल तो विजेत: आत फिरणारे पाणी थांबल्यामुळे मोटर ४.२ किलोवॅटऐवजी साडेतीनच्या आसपास घेईल. म्हणजे रिंगने मोटर वाचेल, पाण्यासाठी लाइनच बघावी लागेल.

कारण असे की पाइपातले घर्षण प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाने वाढते आणि व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होते. ५०० मी लांबी आणि ५ लि/से प्रवाह धरा. ६३ मिमी पाइपात ३० मी हेड जाते, ७५ मिमीत १३ मी, ९० मिमीत साडेपाच मी. अर्ध्या इंचाचा फरक इतका महाग पडतो.

तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. जुनी लाइन काढून ९० मिमी टाकली तर नव्या रिंगसह ५.६ लि/से मिळतील. त्यापेक्षा जुनी तशीच ठेवून शेजारी दुसरी ७५ मिमीची लाइन टाका आणि पंपाजवळ व तोंडाशी दोन्ही जोडा. प्रत्येकीतून निम्मे पाणी जाते, घर्षण जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येते आणि ६ लि/से मिळतात. जुना पाइप वाया जात नाही, एक लाइन फुटली तर दुसरीवर काम चालते. दोन्ही लाइनला वेगळे व्हॉल्व्ह द्या.

साडेसात एचपीचे गणितही करून बघू. याच एका लाइनमधून ६ लि/से काढायचे तर हेड लागते ४५ मी. त्यासाठी मोटर सुमारे ५.४ किलोवॅट घेईल. दोन लाइन टाकून तेच ६ लिटर ३१ मी हेडवर, ३.८ किलोवॅटमध्ये मिळतात. पाणी तेवढेच, वीज दीडपट. शिवाय लाइनवर जवळपास पावणेचार किलो दाब कायम राहील. पाइप ४ किलोच्या वर्गाचा असेल तर वीज गेल्याक्षणी पाणी मागे येऊन जो दणका बसतो त्याने सांधे निखळतील. वाढीव भाराची मंजुरी महावितरणकडून घ्यावी लागेल ती वेगळीच. दुकानदाराचा सल्ला सोडून द्या.

उत्तर: टंगटेस्टर

विजेच्या बाजूचे राहिले होते.

कॅपॅसिटर जरूर लावा, पण त्याने पाणी वाढत नाही आणि मोटर खात असलेले युनिटही फारसे कमी होत नाहीत. मोटरला चुंबकीय क्षेत्र उभे करायला जो करंट लागतो तो विजेच्या तारांतून येण्याऐवजी जवळच्या कॅपॅसिटरमधून मिळतो, एवढेच. ५ एचपीला २ केव्हीएआरचा (कॅपॅसिटरची क्षमता मोजायचे एकक) चालतो. तुमच्या ३६० व्होल्टवर तो प्रत्यक्षात दीडच केव्हीएआर देईल, कारण कॅपॅसिटरची क्षमता व्होल्टेजच्या वर्गाने घटते. तरी केबलमधला करंट ८.५ वरून ७.३ वर येतो आणि केबलमधली तूट चौथ्या हिश्श्याने कमी होते. एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्यांनी लावले तर सगळ्यांच्याच व्होल्टेजमध्ये फरक पडतो. एकट्याने लावून तेवढा दिसत नाही, आणि म्हणूनच बरेच जण कंटाळून काढून टाकतात. हे वाईट आहे.

एक काळजी घ्या. कॅपॅसिटर ओव्हरलोड रिलेच्या (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या भागाच्या) पुढे, मोटरच्या बाजूला जोडला, तर रिलेला ७.३ अँपिअर दिसतात आणि मोटर मात्र ८.५ घेत असते. रिलेची सेटिंग त्या प्रमाणात खाली आणावी लागते. नाहीतर मोटर जळेपर्यंत रिले पडत नाही.

३६० व्होल्टबद्दल. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ४१५ च्या जागी ३६० म्हणजे ७५ टक्के टॉर्क. भार तोच असल्यामुळे मोटर जास्त करंट ओढून ती भरपाई करते, म्हणून ७.८ च्या जागी ८.५. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, तेव्हा वायंडिंगमध्ये साधारण १९ टक्के जास्त उष्णता. वायंडिंग १० अंशांनी जास्त तापले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते असा ठोकताळा आहे. रिंग दुरुस्त झाली की भार उतरेल आणि हा त्रासही बराच कमी होईल.

केबल ४ चौरस मिमीची केली तर ३२० वॅटचे २०० होतात आणि मोटरला सहा-सात व्होल्ट जास्त मिळतात. लाइनचे काम करताना तोच चर वापरणार असाल तर केबलही त्याच वेळी टाका. पण पाइपाच्या अंगाला लावून नको, हातभर बाजूला आणि वर वाळूचा थर.

फेजमधल्या ८.९ आणि ८.२ या फरकाकडे लक्ष ठेवा. तिन्ही तारा एकेक घर सरकवून जोडा, दिशा बदलत नाही. जास्त करंट त्याच पुरवठ्याच्या फेजवर राहिला तर दोष पुरवठ्याचा, मोटरच्या त्याच टोकाबरोबर सरकला तर वायंडिंगचा. आणि दोन फेजवर कॅपॅसिटरच्या आधाराने मोटर चालवण्याचा उद्योग कुणी सुचवला तर ऐकू नका.

प्रश्न: उसाचा_फड

याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे सोलरचा ५ एचपी आहे, पॅनेल ४,८०० वॅटचे. सकाळी साडेसातला मोटर फिरते, आवाज येतो, कंट्रोलरवर वॅट दिसतात, पण पाणी नऊच्या आसपास सुरू होते. पंप खराब आहे का?

उत्तर: हेड_आणि_लाइन

पंप खराब असेलच असे नाही. सोलरचा कंट्रोलर ऊन कमी असताना मोटरला कमी फ्रिक्वेन्सी देऊन हळू फिरवतो. सेंट्रिफ्युगल पंपाचे हेड वेगाच्या वर्गाने बदलते. वरच्या दादांचाच पंप धरा: २८८० आरपीएमला बंद व्हॉल्व्हचे हेड ३६ मी, आणि चढ २० मी. २० मी गाठायला वेग लागतो २८८० च्या पाऊण पटीइतका, म्हणजे २१५० च्या आसपास, फ्रिक्वेन्सी ३७ हर्ट्झ. त्याखाली पंप पाणी घुसळतो, पण एक थेंब तोंडापर्यंत जात नाही. तोपर्यंत पॅनेलमधून आलेली सगळी वीज उष्णतेत जाते.

शक्ती वेगाच्या घनाने बदलते. त्यामुळे ३७ हर्ट्झला पोचायला पूर्ण वेगाच्या बंद-व्हॉल्व्ह शक्तीच्या ४० टक्के तरी लागते. ती मिळायला ऊन तितके वर यावे लागते. चढ आणि पंपाचे कमाल हेड यांच्यात अंतर जितके कमी, तितके पाणी उशिरा सुरू आणि लवकर बंद.

तुम्ही करू शकता ते असे: पॅनेलवरची धूळ आठवड्याला पुसा, पूर्वेकडच्या झाडाची सावली एकाही पॅनेलवर सकाळी पडू देऊ नका (एका ओळीतल्या एका पॅनेलवर सावली आली तरी सगळ्या ओळीचा करंट खाली येतो), आणि लाइनचे तोंड बांधापेक्षा मीटर-दीड मीटर उंच ठेवून धार पाडत असाल तर ते खाली आणा. पडणाऱ्या धारेची उंची म्हणजे पंपाने फुकट चढवलेले हेड. विजेच्या पंपालाही हे लागू आहे.

उत्तर: जलविद्युत_निवृत्त

चर्चा मीटरपासून पुढची झाली. मीटरच्या मागचा टप्पाही मांडतो, कारण तिथून बघितले तर पंपाच्या पोटातला तोटा किती मोठा आहे ते कळते.

कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत पाणी साधारण पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते आणि पेल्टन चाके फिरवते. उंचीतली ऊर्जा आधी नोझलमधून सुटणाऱ्या धारेच्या वेगात, मग चाकाच्या फिरण्यात, मग जनित्रात विजेत जाते. टर्बाइन आणि जनित्र मिळून ८८ टक्के धरले तर एक हजार लिटर पाण्यातून सुमारे १.१४ युनिट निघतात. तारा आणि ट्रान्सफॉर्मरमधली तूट १५ टक्के धरू. तुमचा पंप हजार लिटर चढवायला ०.३२ युनिट घेतो. म्हणजे कोयनेतले हजार लिटर पावणेपाचशे मीटर उतरले की तुमच्या विहिरीतले तीन हजार लिटर २० मी चढतात. कुठेच काही वाया गेले नसते तर ते २३-२४ हजार लिटर झाले असते.

वीज कोळशाची असेल तर अवस्था याहून कठीण आहे. बॉयलरमध्ये जळालेल्या कोळशाच्या उष्णतेतला साधारण ३५ टक्के भाग विजेत येतो, बाकी बहुतेक उष्णता कंडेन्सरमधून कूलिंग टॉवरकडे आणि थोडी धुराड्यातून जाते. हा तोटा कारागिरीचा नाही. उष्णतेपासून काम काढणाऱ्या कुठल्याही इंजिनाला काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते. तुमच्या १७ टक्क्यांशी तो गुणला आणि तारांची तूट धरली की कोळशातल्या १०० भागांपैकी पाच पाण्याच्या उंचीत पोचतात. कोयनेत किंवा चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात एखादा टक्का सुधारायला मोठे नूतनीकरण लागते. इथे लेथवरची एक रिंग आणि पाइप यांनी १७ चे २८ टक्के होतात.

डिझेल इंजिनवाल्यांसाठी: एका लिटरमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते आणि चांगले एक सिलिंडरचे इंजिन त्यातले ३ युनिट शाफ्टवर देते. ५ एचपीच्या कामाला तासाला सव्वा लिटरच्या आत भागले पाहिजे. जास्त लागत असेल तर नोझल तपासण्याआधी जॅकेटमधून बाहेर येणाऱ्या पाण्याला हात लावून बघा. विहिरीचे गार पाणी पूर्ण धारेने जॅकेटमधून सोडले की इंजिन थंडच राहते आणि डिझेल नीट जळत नाही. बाहेर येणारे पाणी ६० अंशांच्या पुढे असावे, हात फार वेळ ठेवता येत नाही इतपत. तोटी बारीक करून ते साधते.

प्रश्नकर्ता: माळरान_बागायत

पंप खोलला. गाळा आणि इंपेलरचे तोंड यांत १.५ मिमी फरक निघाला, रिंग करायला टाकली आहे. शेजारी दुसरी ७५ मिमी लाइन टाकायचे ठरवले. सक्शन सध्या अडीच इंची आहे, फूटव्हॉल्व्ह जुना बिडाचा. तो तसाच चालेल ना?

उत्तर: गावठाण_पंपवाला

नाही चालणार, आणि बरे झाले विचारले. दुसरी लाइन टाकल्यावर सगळा भार सक्शनवर येतो.

आत्ता ४ लि/से ला सक्शनमध्ये सुमारे १ मी जातो, चढ ५ मी, म्हणजे ६ मी ओढ. ६ लि/से झाले की तो १ मीटर सव्वादोन होतो. ओढ सव्वासात मी. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३ मी पाण्याइतका असतो, आपल्या पठारावर ६००-७०० मी उंचीला साडेनऊच. त्यातून इंपेलरच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ नये म्हणून अडीच-तीन मी शिल्लक लागतात. म्हणजे तुम्ही अगदी काठावर जाल, आणि उन्हाळ्यात पातळी मीटरभर उतरली की पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येऊ लागेल. ते पाण्यातले बुडबुडे इंपेलरवर फुटल्याचे आवाज असतात. त्याने पाती भोके पडून चाळणीसारखी होतात आणि पाणीही तुटते.

सक्शन ९० मिमी करा. फूटव्हॉल्व्ह आयएसआय मार्कचा, मोठ्या जाळीचा घ्या. जाळीच्या भोकांचे एकूण क्षेत्र पाइपच्या क्षेत्राच्या अडीच-तीन पट असावे. तो तळापासून हातभर वर आणि उन्हाळ्यातल्या पातळीच्याही किमान हातभर खाली राहील असा सोडा. पंपाच्या तोंडाशी एकच लांब बेंड, कोपऱ्याचा एल्बो नको. ९० वरून पंपाच्या तोंडाला जोडताना जो रिड्यूसर लागेल तो एका बाजूने सपाट असलेला घ्या आणि सपाट बाजू वर ठेवा. मधोमध निमुळता होणारा लावला तर वरच्या खोबणीत हवा साचते आणि पंप मधूनच हवा धरतो. आडवा पाइप पंपाकडे किंचित चढता ठेवा, कुठेही उंचवटा नको.

सगळे जोडून झाल्यावर पुन्हा तीच वाचने घ्या: बॅरल, गेज, करंट. बॅरल ३३-३४ सेकंदांत भरायला हवा, गेज २.४ किलोच्या आसपास हवा आणि करंट आत्तापेक्षा कमी हवा. पाच सेंटिमीटरच्या पाळीला एकराला दोन लाख लिटर लागतात. आत्ता त्याला १४ तास जातात, मग साडेनऊ लागतील. रोज आठ तास लाइट धरली तर दोन दिवसांचे काम दीड दिवसाच्या आत येईल. करंट उतरला नाही तर रिंगची फट पुन्हा मोजून घ्या, लेथवाल्याने एक मिमी सोडलेली असू शकते.